हॉपरवर हातोडीचे पोचे का असतात? पावडरच्या धंद्याची मासिकं कशी वाचायची



मसाला, बेसन, डिटर्जंट पावडर, पशुखाद्य, गूळ पावडर... यातला कोणताही छोटा कारखाना बघायला गेलात की एक गोष्ट नक्की करा. यंत्र बंद असताना हॉपरजवळ जा. हॉपर म्हणजे यंत्राच्या डोक्यावरचं पत्र्याचं नरसाळं. वरून माल ओतायचा, खालच्या तोंडातून तो निघतो. त्याच्या निमुळत्या भागावर हात फिरवा. बऱ्याच ठिकाणी हाताला पोचे लागतील. छोटे छोटे, एकाशेजारी एक.

ते हातोडीचे आहेत. माल खाली येईना की कामगार बाहेरून दोन ठोके देतो. माल धपकन पडतो, काम सुरू होतं. पुन्हा अडकतो, पुन्हा ठोके. अमेरिकेतल्या कारखान्यांत या पोच्यांना चक्क नाव आहे, ‘हॅमर रॅश’. म्हणजे हातोडीनं उठलेलं पुरळ! नाव पडलंय यावरूनच समजा, हा रोग फक्त आपल्या एमआयडीसीतल्या शेडपुरता नाही. मोठ्या मोठ्या कंपन्यांचे हॉपरसुद्धा असेच मार खाऊन उभे आहेत.

आणि गंमत म्हणजे ठोकल्यानं रोग वाढतो. प्रत्येक पोचा आतल्या बाजूनं उंचवटा होतो. जो पत्रा गुळगुळीत असायला हवा तिथं पावडरला बसायला पायऱ्या तयार होतात. म्हणजे आज दोन ठोक्यांत पडणारा माल सहा महिन्यांनी दहा ठोके मागतो.

आता विचार करा, हे यंत्र तुम्ही कर्ज काढून घेतलंय. हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला जातोय आणि एक माणूस दिवसभर हातोडी घेऊन उभा आहे. डीलरला फोन केला तर तो म्हणतो, “यंत्रात काही प्रॉब्लेम नाही, तुमचा मालच तसा आहे.” खरं सांगू का? तो खोटं बोलत नसतो. पण ‘माल कसा आहे’ हा प्रश्न त्यानं विकण्याआधी विचारला नाही, आणि तुम्हीही विचारला नाही. तो विचारायचा कसा, हे आज बघू.

या विषयाची मासिकं असतात

पावडर आणि सुटा माल साठवणं, हलवणं, मिसळणं, भरणं याचा जगभर एक वेगळा उद्योग आहे. इंग्रजीत त्याला ‘पावडर अँड बल्क सॉलिड्स’ म्हणतात. सिमेंट, साखर, दूध पावडर, औषधं, पीठ, प्लॅस्टिकचे दाणे, सगळं यात आलं. या उद्योगाची स्वतःची ट्रेड मॅगझिन्स आहेत. अमेरिकेतली ‘पावडर अँड बल्क सॉलिड्स’ आणि ‘पावडर अँड बल्क इंजिनिअरिंग’ ही दोन प्रसिद्ध नावं. प्रदर्शनंही भरतात. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचं ‘पॉवटेक’ आणि शिकागोजवळच्या रोझमाँटमधलं प्रदर्शन ही त्यातली मोठी. आपल्याकडे मुंबईहून निघणारं ‘केमिकल इंजिनिअरिंग वर्ल्ड’ फक्त पावडरचं नाही, पण प्रोसेस यंत्रांबद्दल त्यात बरंच वाचायला मिळतं.

“सर, आम्ही शंभर किलो मसाला करणारी माणसं, आम्हाला अमेरिकेच्या मासिकाचं काय?” असं वाटेल. पण मिरची पूड सांगलीत अडकली काय आणि कोको पावडर शिकागोत अडकली काय, कारण एकच असतं. आणि तिथं कुणीतरी त्या कारणाबद्दल आधीच लिहून ठेवलेलं असतं.

आधी अशा मासिकाचा धंदा समजून घ्या. यातली बरीच मासिकं वाचकाला फुकट मिळत आली आहेत. पण कुणालाही नाही. एक फॉर्म भरावा लागतो. तुमचा उद्योग कोणता, तुमचं पद काय, यंत्रखरेदीचा निर्णय तुम्ही घेता का, कोणती यंत्रं घ्यायचा विचार आहे? उत्तरं पाहून मासिक ठरवतं की हा माणूस आपल्या यादीत हवा. पूर्वी तर मासिकात एक कार्ड असायचं. प्रत्येक जाहिरातीखाली नंबर, आणि कार्डावर ते सगळे नंबर छापलेले. हव्या त्या नंबराला गोल करायचा, कार्ड पोस्टात टाकायचं, की कंपन्यांची माहितीपत्रकं घरी यायची. आता तेच काम वेबसाइटवरच्या फॉर्मनं होतं.

म्हणजे पैसे कोण देतं? यंत्र विकणारे. मासिक विकत कोण घेतं यापेक्षा ते कुणापर्यंत पोचतं, यावर ते चालतं. म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. आपल्याकडे १९२० मध्ये शं. वा. किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं तेही कारखान्याचं मुखपत्र म्हणूनच, आणि पुढे त्याचं केवढं मासिक झालं हे मराठी वाचकाला सांगायला नको. माल विकणाऱ्याच्या पैशावर चालणारं मासिकही उपयोगी असू शकतं. फक्त कोणतं पान कुणी लिहिलंय, हे बघून वाचायचं.

यात एक प्रकार हमखास सापडतो, यशोगाथेचा. एका कारखान्यात माल अडकत होता, अमुक कंपनीचा फीडर बसवला, आता सगळं छान चाललंय. असा लेख वाचताना सर्वात आधी लेखकाच्या नावाखालची ओळ बघा. तो त्याच फीडर कंपनीत असेल तर लेखाचा शेवट सोडून द्या आणि सुरुवात दोनदा वाचा. अडचणीचं वर्णन बहुतेक प्रामाणिक असतं, कारण ते ग्राहकानं सांगितलेलं असतं. कोणता माल, किती बारीक, किती ओलावा, कुठे अडकत होता. हे तुमच्या मालाशी जुळतंय का बघा. आणि काय लिहिलेलं नाही ते शोधा. किंमत सहसा नसते. यंत्र बसवून किती दिवस झाले ते नसतं. दुसऱ्या मालावर ते कसं चालतं हे तर नसतंच.

दुसरा प्रकार जास्त कामाचा. तज्ज्ञ सल्लागार किंवा प्राध्यापक यांचे ‘अडचण का येते’ या प्रकारचे लेख. इंग्रजीची भीती वाटत असेल तर फोनवरचं भाषांतर वापरा, पण चार शब्द मूळचेच लक्षात ठेवा, कारण शोधायला तेच लागतात. ब्रिजिंग म्हणजे हॉपरच्या तोंडावर मालाची कमान होऊन बसणं. रॅटहोलिंग म्हणजे मधोमध उंदराच्या बिळासारखं भोक पडून तेवढाच माल येणं आणि बाकीचा भिंतीला चिकटून राहणं. केकिंग म्हणजे गोळे, ढेपा होणं. सेग्रेगेशन म्हणजे मिसळलेला माल पुन्हा वेगळा होणं.

पावडर पाणी नसते

आपण सगळे पावडरकडे पाण्यासारखं बघतो. तळाला भोक ठेवलं की वरचं सगळं आपोआप खाली येणार! तसं होत नाही.

पाण्याच्या टाकीत जितकं खोल जाल तितका दाब वाढतो. धान्याच्या कोठीत तसं नाही, काही खोलीनंतर तळावरचा दाब वाढायचा जवळजवळ थांबतो. कारण वरच्या धान्याचं वजन घर्षणामुळे भिंती उचलून धरतात. ब्रेमेनच्या यान्सेन नावाच्या इंजिनिअरनं १८९५ मध्ये याचं गणित मांडलं, आणि छापलं जर्मन इंजिनिअरांच्या संघटनेच्या नियतकालिकात. आजही कोठ्यांचं डिझाइन शिकवताना यान्सेनचं नाव घेतलं जातं.

म्हणजे ‘वर अजून दोन पोती ओता, वजनानं खालचं सुटेल’ हा आपल्याकडचा उपाय चालत नाही. वजन भिंतीवर जातं आणि खालची पावडर उलट दाबून घट्ट बसते. व्हायब्रेटरचंही तेच. खालचं तोंड बंद असताना व्हायब्रेटर चालू ठेवला तर पावडर ठासून भरली जाते. तोंड उघडं असतानाच तो चालवायचा.

मग हॉपर कसा हवा? याचं शास्त्र अँड्र्यू येनिके यांनी बसवलं. मूळचे पोलंडचे, नंतर अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात. १९६४ मध्ये त्यांची ‘बुलेटिन १२३’ ही पुस्तिका आली आणि आजही हॉपर डिझाइनची चर्चा तिच्याशिवाय होत नाही. त्यांचं म्हणणं सोप्या भाषेत असं. हॉपरची भिंत पुरेशी उभी आणि गुळगुळीत असेल, खालचं तोंड पुरेसं मोठं असेल, तर सगळा माल एकदम खाली सरकतो, जो आधी पडला तो आधी निघतो. भिंत पसरट असेल तर फक्त मधला माल वाहतो आणि कडेचा तसाच राहतो.

खाद्यपदार्थ करणाऱ्यांनी इथं थांबून नीट विचार करावा. कडेचा तो माल म्हणजे कालचा, परवाचा, कदाचित मागच्या महिन्याचा. तुम्ही वरून रोज ताजं बेसन ओतताय आणि कडेला जुनं बेसन जाळी धरतंय. एक दिवस तो थर सुटतो आणि थेट ग्राहकाच्या पाकिटात जातो. तक्रार आली की आपण चक्कीला, डाळीला, पाकिटाला दोष देतो. हॉपरच्या कोपऱ्यात टॉर्च मारून कुणी बघत नाही.

‘पुरेशी उभी’ म्हणजे किती अंश? एकच आकडा नाही. तो तुमच्या मालावर, त्याच्या बारीकपणावर, ओलाव्यावर आणि पत्र्याच्या फिनिशवर ठरतो. कण साधारण १०० मायक्रॉनच्या खाली गेले की ते एकमेकांना धरायला लागतात. २०० मेशची चाळणी म्हणजे सुमारे ७५ मायक्रॉन. म्हणजे तुम्ही ‘एकदम फाइन’ म्हणून जी पावडर मिरवता, तीच अडकण्याची शक्यता जास्त! आणि गूळ पावडर, कांदा-लसूण पावडर, दूध पावडर यांना हवेतलं पाणी ओढायची सवय. जानेवारीत सोलापुरात धो धो वाहणारा माल जुलैत रत्नागिरीत हलणार नाही. डेमो कोणत्या महिन्यात बघितला, हेही लिहून ठेवा.

शंभर ग्रॅम पावडर आणि एक मोजपात्र

१९६५ च्या जानेवारीत ‘केमिकल इंजिनिअरिंग’ या अमेरिकन ट्रेड मॅगझिनमध्ये राल्फ कार यांचा लेख आला. विषय होता पावडर किती वाहती आहे हे कसं ओळखायचं. त्यातल्या एका मोजमापाला आज ‘कार इंडेक्स’ म्हणतात आणि औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत ते सर्रास वापरतात. अमेरिकेच्या औषधसंहितेत, म्हणजे फार्माकोपियात, ते आहे. धंद्याच्या एका मासिकातला लेख, आणि साठ वर्षं टिकला! तुम्ही तो प्रयोग स्वयंपाकघरात करू शकता.

लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानातून २५० मिलीचं प्लॅस्टिकचं मोजपात्र आणा, उभं, आकडे छापलेलं. आपली पावडर एकदा चाळून मोकळी करा. कागदाच्या सुरळीतून १०० ग्रॅम हळूच आत सोडा. मावत नसेल तर कमी घ्या, चालेल. दाबू नका, हलवू नका. कुठपर्यंत आली ते लिहा. मग टेबलावर घडी घातलेलं फडकं ठेवून त्यावर मोजपात्र अगदी थोडं उचलून आपटत राहा. पावडर बसत जाईल. शंभर, दोनशे, गरज पडली तर पाचशे वेळा. खाली जायची थांबली की पुन्हा आकडा लिहा.

समजा सुरुवातीला २०० मिली होती आणि शेवटी १५० झाली. ५० मिली बसली. ५० भागिले २०० गुणिले १००, म्हणजे २५. हा तुमचा आकडा. १५ च्या आत आला तर माल छान वाहतो. १६ ते २० बरा. २१ ते २५ म्हणजे कसाबसा. २५ च्या वर गेला की तो अडकणारा माल आहे असं समजूनच यंत्र शोधा. हॉपरमध्ये ढवळणारा दांडा लागेल, तोंड मोठं लागेल, साध्या उतारावर भागणार नाही. हाच प्रयोग पावसाळ्यात पुन्हा करा.

घरचा प्रयोग म्हणजे लॅबचा रिपोर्ट नाही, हे कबूल. पण डीलरसमोर बसताना हातात एक आकडा असणं आणि नुसतं “आमचा मसाला आहे हो” म्हणणं, यात फार फरक पडतो.

याच आकड्यात आणखी एक पैशाची गोष्ट लपली आहे. स्वस्तातलं पाकीट भरायचं यंत्र म्हणजे कप फिलर. ठरावीक मापाचा कप भरतो आणि पाकिटात रिकामा होतो. तो वजन करत नाही, माप मोजतो. वरच्या उदाहरणातली पावडर मोकळी असेल तर २०० मिलीच्या कपात १०० ग्रॅम बसेल. पूर्ण ठासली गेली तर त्याच कपात १३३ ग्रॅम! प्रत्यक्षात इतकं टोक गाठलं जात नाही, पण हॉपर भरलेला असताना आणि रिकामा होत आला असताना वजनात फरक पडतोच. कमी भरलं तर वजनमाप खात्याची नोटीस. म्हणून सगळे काय करतात? थोडं जास्तच भरतात. पाकिटामागे ५ ग्रॅम जास्त, दिवसाला १००० पाकिटं, म्हणजे ५ किलो. मसाला ३०० रुपये किलो धरला तर रोजचे १५०० रुपये. महिन्याचे २५ दिवस धरा, ३७,५०० रुपये. यंत्राचा हप्ता निघाला असता यात. म्हणून जास्त बसणाऱ्या पावडरीला स्क्रूनं भरणारा ऑगर फिलर आणि खाली वजनकाटा, हे महाग दिसलं तरी हिशोब करून बघा.

मिक्स मसालेवाल्यांसाठी आणखी एक. ब्लेंडरमधून काढलेला एकसारखा माल उंचावरून हॉपरमध्ये पडला किंवा टेम्पोत हादरत गेला की बारीक कण खाली जातात, जाडे वर आणि कडेला राहतात. पहिल्या पाकिटात तिखट, शेवटच्या पाकिटात धणे. याला उपाय म्हणजे सगळे घटक शक्यतो सारख्या बारीकपणाचे ठेवणं आणि मिसळल्यावर माल कमीत कमी हलवणं.

धूळ उडते तिथं

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा. या मासिकांत धुळीच्या स्फोटांच्या बातम्या सतत येतात. पीठ, साखर, बेसन, हळद, मिरची, हे सगळं जळणारं आहे. ढीग पेटवला तर धुमसत बसेल, पण तीच पावडर बंद जागेत हवेत उडालेली असताना ठिणगी मिळाली तर भडका नाही, स्फोट होतो.

७ फेब्रुवारी २००८ ला अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ इथल्या इंपीरियल शुगरच्या कारखान्यात असंच झालं. साखरेच्या कोठ्यांखालून जाणारा पट्टा पत्र्यानं बंद केलेला होता, त्यात साखरेची धूळ साठली आणि पहिला स्फोट तिथं झाला. त्या धक्क्यानं इमारतीत ठिकठिकाणी साठलेली धूळ उडाली आणि मग एकामागून एक स्फोट होत गेले. १४ माणसं गेली. साखरेनं!

तुमच्या शेडमध्ये तुळईवर, ट्यूबलाइटवर, पंख्याच्या पात्यांवर जो थर बसलाय, तीच ही दुसऱ्या स्फोटाची धूळ. ती कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवून साफ करू नका, त्यानं ती हवेतच जाते. ओढून घेणारं व्हॅक्यूम वापरा, तेही अशा धुळीसाठीचं. यंत्रांना अर्थिंग नीट असू दे. पल्वरायझरच्या आधी चुंबक लावा, एखादा खिळा आत गेला की ठिणगी तिथंच पडते. आणि चालू शेडमध्ये वेल्डिंग करू देऊ नका, कितीही “दोन मिनिटांचं काम आहे” म्हटलं तरी.

डीलरकडे जाताना

स्वतःचा माल घेऊन जा. मूठभर नाही, हॉपर निदान एकदा पूर्ण भरेल एवढा. त्यांच्याकडच्या मालावरचा डेमो बघून काही कळत नाही. ते बहुतेक वेळा साखर किंवा रव्यासारखा वाहता माल घालतात, आणि तो कुठल्याही यंत्रात वाहतो. आपला माल हॉपरमध्ये भरून यंत्र बंद ठेवा, चहा घ्या, जेवण करून या. तीन-चार तास बसलेला माल पुन्हा सुरू होतो का, हे बघायचंय. सकाळी तुमच्या शेडमध्ये हेच होणार आहे. मग सलग पन्नास पाकिटं भरून घ्या आणि प्रत्येकाचं वजन वहीत लिहा. सुरुवातीची दहा आणि शेवटची दहा शेजारी मांडून फरक बघा.

विचारायचे प्रश्न: हॉपरच्या भिंतीचा कोन किती, आतला पत्रा कोणता आणि त्याचं फिनिश काय, खालच्या तोंडाचं माप किती, ढवळणारा दांडा आहे का, आणि हॉपर पूर्ण उघडून साफ करायला किती वेळ लागतो? कोनाचा प्रश्न विचारल्यावर समोरचा ड्रॉइंग काढायला उठला तर तिथं बसा. “सगळे हेच नेतात साहेब” म्हणाला तर कोटेशन घ्या, आभार माना आणि अजून दोन ठिकाणी जाऊन या.

पसंत पडलं तर कोटेशनवरच एक ओळ लिहून घ्या: कोणत्या मालावर, किती मेशच्या, कोणत्या तारखेला ट्रायल झाली आणि पन्नास पाकिटांत कमीत कमी आणि जास्तीत जास्त वजन किती आलं. खाली दोघांच्या सह्या. अॅडव्हान्सचा चेक त्यानंतर.